जुना डेस्कटॉप कधी चालू होतो, कधी होत नाही: दोष कसा शोधावा

माझा जुना डेस्कटॉप सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की चालू व्हायचा नाही. पंखा जेमतेम अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. पुन्हा दाबलं तरी तेच. सात-आठ वेळा दाबल्यावर मात्र काही झालंच नव्हतं असा चालू व्हायचा आणि रात्रीपर्यंत बिनतक्रार चालायचा. हा प्रकार दोन महिने चालला. त्या काळात मी रॅम, म्हणजे मेमरीची काडी, खोडरबरनं पुसली, मदरबोर्डवरचा सेल बदलला, आतली धूळ काढली, सगळ्या केबली काढून परत बसवल्या. यातलं काहीही केलं की पीसी चालू व्हायचा आणि मला वाटायचं, सापडलं कारण. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दोष निघाला एसएमपीएसमध्ये, म्हणजे घरातली वीज घेऊन आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवणाऱ्या लोखंडी डब्यात. दोन महिन्यांत तो मी एकदाही बदलून पाहिला नव्हता. मग रॅम पुसल्यावर पीसी चालू कसा व्हायचा? कारण कॅबिनेट उघडण्याआधी मी पंधरा-वीस मिनिटं प्लग चालू ठेवून बटण दाबत बसलेला असायचो. तेवढ्या वेळात एसएमपीएसच्या आतला थंड पडलेला भाग ऊब धरायचा. रॅम पुसली नसती तरी तो चालू झालाच असता.

म्हणून सगळ्यात आधी हे: पीसी चालू झाला म्हणजे दोष गेला, असं धरू नका. ज्या स्थितीत तो अडतो, त्याच स्थितीत तीन-चार वेळा पहिल्या दाबाला चालू झाला तरच उपाय लागू पडला म्हणायचं. माझ्याकडे ती स्थिती होती रात्रभर प्लग बंद असणं. तुमच्याकडे वेगळी असेल. ती ओळखता आली की अर्धं काम झालं.

आधी फायली बाहेर काढा

पीसी या क्षणी चालू असेल तर पुढचं वाचायचं थांबवा आणि महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फायली, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. कॉपी पूर्ण होईपर्यंत बंद करू नका, रीस्टार्टही करू नका. अधूनमधून अडणारा पीसी पुढच्या वेळी चालू होईलच याची खात्री नसते, आणि बिघडलेला एसएमपीएस जाताना हार्ड डिस्कचं सर्किटही जाळू शकतो. दुरुस्ती नंतर होईल. गेलेले फोटो परत मिळत नाहीत.

एक वही घ्या

मला उत्तर हत्यारांनी दिलं नाही, नोंदींनी दिलं. दहा दिवस मी रोज चार गोष्टी लिहिल्या: रात्री प्लग चालू होता की बंद, कितव्या दाबाला पीसी चालू झाला, पंखा फिरला का, बीप किंवा स्क्रीनवर काही आलं का. अकराव्या दिवशी पान समोर धरल्यावर दिसलं की ज्या तीन रात्री मी प्लग बंद करायला विसरलो होतो, त्या तिन्ही सकाळी पीसी पहिल्याच दाबाला चालू झाला होता. दोन महिने नुसत्या आठवणीवर विसंबलो होतो तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं.

आणखी एक शिस्त पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम काढली, त्याच वेळी केबलही बदलली आणि पीसी चालू झाला, तर श्रेय कुणाला द्यायचं?

बटण दाबल्यावर आत काय होतं

हे कळलं की गाडी कुठे अडते ते सांगता येतं. प्लग चालू असताना पीसी बंद दिसला तरी एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा असतो. तो जांभळ्या वायरवर सतत ५ व्होल्ट देत राहतो. याला स्टँडबाय म्हणतात. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचं बटण दाबलं की मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात. बोर्ड हिरवी वायर जमिनीला, म्हणजे काळ्या वायरीला जोडतो आणि हा इशारा मिळाल्यावर एसएमपीएसचा मोठा भाग जागा होतो. पिवळ्या वायरींवर १२, लाल वायरींवर ५ आणि नारिंगी वायरींवर ३.३ व्होल्ट येतात. हे तिन्ही स्थिर झाले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत राखाडी वायरीवरून ‘सगळं ठीक’ असा निरोप बोर्डाला जातो. त्यानंतरच प्रोसेसरला मोकळं सोडलं जातं. तो बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम, वाचतो, रॅम तपासतो, डिस्प्ले शोधतो, मग हार्ड डिस्ककडे वळतो आणि शेवटी विंडोज किंवा लिनक्स सुरू होतं.

तेव्हा आपला पीसी या वाटेवर कुठवर पोचतो ते पाहा. काहीच हालचाल नाही. हलतो आणि बंद पडतो. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. डिस्प्ले येतो पण विंडोज येत नाही. या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. विंडोज येत नाही म्हणून एसएमपीएस बदलणं किंवा पीसी पूर्ण मेलेला असताना विंडोजची सीडी शोधणं यात वेळ जातो, आणि लोक हे खरोखर करतात.

आत हात घालण्याआधी प्लग सॉकेटमधून काढा. नुसता खटका बंद करून भागवू नका. मग पुढचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे बोर्डात साठलेली वीज उतरते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. २३० व्होल्टच्या विजेवर त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब साठतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो.

काहीच हालचाल नाही

पहिल्यांदा साध्या गोष्टी. त्याच सॉकेटला दिवा लावून पाहा. पॉवर कॉर्ड मॉनिटरची लावून पाहा, दोन्ही बहुधा सारख्याच असतात. एसएमपीएसच्या मागचा छोटा खटका उभ्या रेघेच्या बाजूला दाबलेला हवा. शून्य म्हणजे बंद. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० लिहिलेला लाल सरकता खटकाही असतो. तो तुमच्याकडच्या विजेप्रमाणेच असला पाहिजे. २३० च्या विजेवर तो ११५ वर ठेवून प्लग लावला तर एसएमपीएस जळतो.

त्यानंतर बटण. जुन्या कॅबिनेटमध्ये बटणामागचं प्लॅस्टिक झिजतं किंवा आतला स्विच मरतो आणि लोक अख्खा बोर्ड बदलायच्या विचारात पडतात. खात्री करणं सोपं आहे. बोर्डाच्या कडेला जिथे पुढच्या बटणांच्या बारीक वायरी येतात, तिथल्या पॉवर स्विचच्या दोन पिनांवरून कनेक्टर काढा आणि प्लग चालू ठेवून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर एकत्र टेकवा. या पिनांवर दाब अगदी कमी असतो, त्यामुळे धोका नाही; फक्त टोक शेजारच्या पिनांना लागू देऊ नका. पीसी चालू झाला तर दोष बटणाचा. रीसेटचं बटण धड असेल तर त्याची वायर पॉवरच्या पिनांवर लावा, काम भागतं. मी एका जुन्या पीसीवर हेच केलं आणि तो तसाच चालतो आहे.

बटण ठीक असेल तर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी काडी काळ्या वायरीत आणि लाल काडी मोठ्या कनेक्टरच्या मागून जांभळ्या वायरीच्या भोकात घाला. प्लग चालू, पीसी बंद. ४.७५ ते ५.२५ च्या मधला आकडा दिसायला हवा. शून्य आला तर एसएमपीएस मेला आहे किंवा बोर्डात कुठेतरी शॉर्ट असल्यामुळे त्यानं स्वतःला आवरून धरलं आहे. मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढून पुन्हा मोजा. आता ५ व्होल्ट आले तर संशय बोर्डावर.

माझ्या पीसीत थंड सकाळी हा आकडा ४.२ होता. प्लग चालू ठेवून मी नुसता बघत बसलो. तो हळूहळू चढत पंधराएक मिनिटांत ४.९ झाला, आणि बटण दाबताच पीसी चालू झाला. त्या क्षणी दोन महिन्यांचं कोडं सुटलं.

एसएमपीएस सुटा तपासायचा दुसरा मार्ग म्हणजे हिरवी वायर काळीला जोडणं. एसएमपीएस बोर्डापासून पूर्ण सोडवा, प्लग काढलेला असतानाच कागदाच्या क्लिपचा यू आकार करून हिरव्या आणि कोणत्याही एका काळ्या वायरीच्या भोकांत घाला, मग प्लग चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे. सगळ्या वायरी एकाच रंगाच्या असतील तर अंदाजानं क्लिप घालू नका. काही तयार डेस्कटॉपमध्ये कनेक्टरची मांडणीही वेगळी असते, तिथेही हा प्रयोग टाळा. आणि पंखा फिरला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरवू नका. भाराशिवाय नीट चालणारा एसएमपीएस भार पडताच कोसळू शकतो. माझा या परीक्षेत पास झाला होता, म्हणूनच मी त्याच्यावर संशय घेतला नाही.

हलतो आणि बंद पडतो

जुन्या डेस्कटॉपची ही खास तक्रार आहे आणि तिच्या मुळाशी बहुतेक वेळा कपॅसिटर असतात. एसएमपीएसमध्ये आणि बोर्डावर उभ्या नळकांड्यांसारखे दिसणारे हे भाग वीज क्षणभर साठवून ठेवतात आणि तिचे चढउतार सपाट करतात. त्यांच्या आत द्रव असतो. उष्णतेनं तो वर्षानुवर्षं आटत जातो. अशा कपॅसिटरच्या बाबतीत ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणून धुळीनं बुजलेल्या कॅबिनेटमध्ये ते लवकर मरतात. द्रव आटला की त्यांचा आतला विरोध वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. त्यामुळे असा पीसी सकाळी अडतो, दुपारी चालतो. हिवाळ्यात रडवतो, उन्हाळ्यात सुधारल्यासारखा वाटतो. उन्हाळ्यात सुधारला म्हणून निश्चिंत राहू नका.

बोर्डावरचे कपॅसिटर डोळ्यांनी तपासता येतात. टॉर्च घ्या आणि प्रोसेसरच्या आसपासच्या नळकांड्यांचे माथे आडव्या नजरेनं पाहा. माथा सपाट हवा. फुगून घुमट झाला असेल, वरच्या खाचेतून तपकिरी चिकट डाग आला असेल किंवा बूड वर उचललं गेलं असेल तर तो कपॅसिटर गेला. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष कपॅसिटर अनेक कंपन्यांच्या बोर्डांवर बसवले गेले होते. त्या काळातला पीसी असेल तर ही तपासणी सगळ्यात आधी करा. फुगलेले कपॅसिटर बदलता येतात. तेवढीच क्षमता, तेवढाच किंवा जास्त व्होल्ट, १०५ अंशांचा आणि कमी विरोधाचा नग हवा, ध्रुव उलटा लागता कामा नये आणि सोल्डरिंगचा हात बसलेला हवा. तो नसेल तर जाणकाराकडे द्या. बोर्डाच्या आतल्या थरांमुळे तिथलं कथील लवकर वितळत नाही आणि नवखा माणूस भोकाचं अस्तर उपटून बसतो. एक मात्र लक्षात ठेवा, माथा सपाट असलेला कपॅसिटरही आतून आटलेला असू शकतो. न फुगलेला म्हणजे चांगला, असं नाही.

दुसरं कारण उष्णता. चालू होऊन काही सेकंदांत किंवा मिनिटभरात बंद पडत असेल, आणि लगेच पुन्हा चालू केल्यावर आणखी लवकर बंद पडत असेल, तर प्रोसेसरचा हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, पाहा. चार कोपऱ्यांतल्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी एक जरी सुटली तरी हीटसिंक एका बाजूनं उचलला जातो. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर उष्णता वर जातच नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि मटारएवढा नवा थेंब मधोमध ठेवा. जास्त लावून फायदा नाही. हीटसिंक काढताना घाई करू नका. ज्या प्रोसेसरच्या पोटाला पिना असतात, तो वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंकला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी चालत असेल तर आधी पाच मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग प्लग काढा, हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवा आणि मगच उचला.

तिसरं, शॉर्ट. मागचे सगळे यूएसबी काढून पाहा. आतली पट्टी वाकलेला एक पोर्टही पीसी अडवू शकतो. पीसी हलवल्यानंतर किंवा काही बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर बोर्डाखाली सुटा स्क्रू पडला आहे का ते बघा. बोर्ड बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून चालू झाला, तर दोष कॅबिनेटमध्येच कुठेतरी टेकण्याचा.

पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही

मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते आधी पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला हवी. साफसफाईनंतर ती चुकून बोर्डाच्या पोर्टला लावली जाते, आणि अनेक जुने बोर्ड कार्ड दिसताच स्वतःचा पोर्ट बंद करतात.

मग रॅम. काडीच्या सोनेरी पट्ट्यांवर वर्षांनी मळ धरतो. पांढऱ्या मऊ खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, रबराचा भुगा पूर्ण झटका, शक्य असेल तर अल्कोहोलचा हात फिरवा. बसवताना काडीच्या कडेचा काप जुळवा आणि दोन्ही टोकांचे चिमटे आपोआप मिटेपर्यंत सरळ दाबा. दोन काड्या असतील तर एकच लावून पाहा, मग दुसरी, मग दुसऱ्या खाचेत. यात वेळ जातो, पण काडी खराब की खाच खराब हे याशिवाय कळत नाही. रॅम पुसून पीसी चालू झाला तर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. लाल ओळ एकही यायला नको.

बीपसाठी बोर्डाला छोटा स्पीकर लागतो. नव्या कॅबिनेटमध्ये तो नसतो, पण चार पिनांचा सुटा मिळतो आणि माझ्या मते जुना पीसी ठेवणाऱ्याकडे तो असलाच पाहिजे. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. एएमआय बायोसमध्ये तीन आखूड म्हणजे रॅमची. कंपनीगणिक भाषा बदलते, म्हणून आपल्या बोर्डाचं माहितीपत्रक पाहा. पण एक युक्ती जवळजवळ सगळीकडे चालते: सगळी रॅम काढून पीसी चालू करा. बीप वाजले तर प्रोसेसर, बायोस आणि बोर्डाचा बराचसा भाग जिवंत आहे आणि रॅम नसल्याचं त्याला कळतं आहे. मग शोध रॅम आणि ग्राफिक्स कार्डापुरता उरतो. रॅम काढूनही शांतता असेल तर प्रोसेसरजवळचा चार पिनांचा कनेक्टर नीट बसला आहे ना ते बघा. तो सुटला की पंखे फिरतात पण प्रोसेसरला वीजच मिळत नाही. तो ठीक असेल तर रीसेटचं बटण आत अडकलं आहे का ते पाहा. हे दोन्ही नसेल तर उरतात बोर्ड, प्रोसेसर आणि पुन्हा एकदा एसएमपीएस.

एवढ्यानं उलगडा झाला नाही तर सगळं काढा. बोर्ड, प्रोसेसर हीटसिंकसह, रॅमची एक काडी, स्पीकर, एसएमपीएस. बोर्डात डिस्प्लेची सोय असेल तर ग्राफिक्स कार्डही नको. इतक्यावर चालू झाला की एकेक वस्तू परत जोडत जा. ज्या वस्तूपाशी अडेल, ती दोषी.

सेलचा घोळ

बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, हा ३ व्होल्टचा असतो. प्लग चालू असताना घड्याळ एसएमपीएसच्या स्टँडबाय विजेवर चालतं. प्लग बंद असतो तेव्हाच सेल खर्च होतो. त्यामुळे रोज रात्री प्लग बंद करणाऱ्यांचा सेल लवकर संपतो, आणि संपल्यावर त्रासही प्लग बंद केल्यानंतरच होतो. म्हणजे खूण अगदी माझ्या एसएमपीएससारखीच. म्हणूनच मी सेल बदलून समाधान मानलं होतं.

फरक असा ओळखा. सेल गेला असेल तर बहुतेक वेळा डिस्प्ले येतो, तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते आणि सीएमओएस चेकसम एरर असा संदेश येऊन एफ१ दाबायला सांगितलं जातं. विंडोजमध्ये गेल्यावर वेबसाइटी सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार करतात, तीही चुकीच्या तारखेमुळे. एसएमपीएस अडत असेल तर डिस्प्लेपर्यंत गाडी जातच नाही. काही जुने बोर्ड मेलेल्या सेलवर चालू व्हायलाच नकार देतात हे खरं, पण त्यासाठी सेल मोजणं सोपं आहे. २.७ च्या खाली आला असेल तर बदला.

सेल बदलण्याआधी शक्य असेल तर बायोसच्या पडद्यांचे फोटो काढून ठेवा, विशेषतः सॅटा मोड (बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलतो ते) आणि बूटचा क्रम (सुरू होताना आधी कुठे पाहायचं ते). सेल काढला की बायोस मूळ सेटिंगवर जातो. सॅटा मोड आयडीईवरून एएचसीआयवर किंवा उलट गेला की विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो, शेवटी ७बी असलेला कोड दिसतो आणि माणसाला वाटतं की विंडोज बिघडलं. विंडोज पुन्हा टाकू नका. मोड पूर्वीचा करा, ते जसंच्या तसं सुरू होतं.

डिस्प्ले येतो, विंडोज येत नाही

इथे एकच प्रश्न आधी सोडवा: बायोसमध्ये हार्ड डिस्कचं नाव दिसतं का? दिसत नसेल तर केबल, पॉवरचा कनेक्टर किंवा डिस्क. सॅटा केबल दुसरी लावा, बोर्डावरचा पोर्टही बदला. जुनी रुंद पट्टीची आयडीई केबल असेल तर एकाच केबलवरच्या दोन वस्तूंचे मास्टर-स्लेव्ह जंपर तपासा. दिसत असेल आणि तरी ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ किंवा ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ असं येत असेल तर घाबरण्याआधी पेन ड्राइव्ह आणि सीडी काढा आणि बूटच्या क्रमात डिस्क पहिली करा. पहिला संदेश एक्सपीच्या काळातला, दुसरा व्हिस्टापासून पुढचा. क्रम ठीक असेल तर विंडोजच्या सीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून स्टार्टअप दुरुस्ती चालवता येते.

डिस्कमधून ठरावीक अंतरानं टकटक आवाज येत असेल तर पुन्हापुन्हा चालू करून पाहू नका. प्रत्येक प्रयत्नात आतल्या पृष्ठभागाला ओरखडे पडू शकतात. आतला डेटा मोलाचा असेल तर डिस्क बाहेर काढा आणि डेटा काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या. आवाज नसेल तर सॅटा-यूएसबी अडॅप्टर लावून ती दुसऱ्या संगणकाला जोडा. बोर्ड मेला तरी डिस्क बहुधा धड असते, हे सुदैव.

एसएमपीएस बदलताना

संशय पक्का करायचा खात्रीचा मार्ग म्हणजे दुसऱ्या चालत्या पीसीचा एसएमपीएस काही दिवस लावून पाहणं, आणि तेही अडण्याच्या स्थितीत. मी शेजारचा धड पीसी उघडून त्याचा एसएमपीएस माझ्यात लावला, प्लग रात्रभर बंद ठेवला आणि सकाळी पहिल्या दाबाला पीसी चालू झाला. तीन सकाळ हे पाहिल्यावरच नवीन आणला.

नवीन घेताना मोठा कनेक्टर २४ पिनांचा की २० चा, प्रोसेसरचा चार पिनांचा की आठचा, जुन्या आयडीई डिस्कसाठी चार जाड पिनांचा कनेक्टर आहे का, डब्याचं माप कॅबिनेटमध्ये बसतं का, हे सगळं जुन्याशी ताडून पाहा. डब्यावर लिहिलेल्या एकूण वॅटपेक्षा १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिले आहेत ते महत्त्वाचं. खूप जुन्या बोर्डांचा भार मात्र ५ व्होल्टवर जास्त असतो. तिथे ५ व्होल्टचे अँपिअरही तपासा. अगदी हलका, बिननावाचा डबा घेऊ नका.

नवीन बसवल्यावर मी वही बंद केली नाही. पुढचे दहा दिवस रोज रात्री प्लग मुद्दाम बंद केला, सकाळी जांभळ्या वायरीवर मोजलं, मग बटण दाबलं. दहाही दिवस आकडा ५.० च्या आसपास, आणि पीसी पहिल्या दाबाला चालू.